ऐरोली पुलावर दोघांची सायकल

शनिवारी संध्याकाळी मी भांडुपच्या घरी बोंबील साफ करत बसले होते, तेव्हा आमच्या सायकल ग्रुपच्या ॲडमिनचा फोन आला. माझे हात बरबटलेले, म्हणून मुलीने फोन माझ्या कानाला धरला. ॲडमिन म्हणजे मुलुंडला राहणारा, तिशीतला एक उत्साही मुलगा. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि रविवारी आम्हा दहा-बारा जणांना पहाटे घराबाहेर काढतो. त्याने विचारलं, ताई, उद्या टँडम चालवशील का?

टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल. पुढे एक सीट, मागे एक. पेडल दोघांनाही असतात, पण हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात. आमच्या ग्रुपमध्ये अशी एकच सायकल होती आणि ती एका माणसासाठी घेतलेली होती. ते घाटकोपरला राहतात, एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहेत, वय पंचावन्नच्या आसपास, आणि त्यांना दिसत नाही. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्यापुढे नेहमी बसणारे काका अग्निशमन दलातून रिटायर झालेले, अंगापिंडाने दणकट. ते काका नेमके तापाने आडवे झाले होते.

ग्रुपमध्ये टँडम पुढे बसून चालवलेली दुसरं माणूस मीच, असं ॲडमिनचं म्हणणं. तसं ते खरं होतं. दिवाळीनंतर एकदा मैदानात, मागे मुलीला बसवून, मी दोन फेऱ्या मारल्या होत्या. दुसऱ्या फेरीला मुलगी मध्येच उतरून चालत घरी गेली होती, हे त्याला मी सांगितलं नाही. येते म्हणाले आणि परत बोंबील हातात घेतले.

त्या आठवड्यात मुंबईत खरोखरची थंडी पडली होती. एरवी आमच्याकडे थंडी म्हणजे कपाटातला स्वेटर बाहेर काढायचा, त्याचा वास घ्यायचा आणि परत ठेवायचा. या वेळी उत्तरेकडून वारं सुटलं होतं. खिडक्या रात्रंदिवस वाजत होत्या, वाळत घातलेले कपडे समोरच्या बिल्डिंगच्या ग्रीलला जाऊन चिकटत होते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, बावीस वर्षं झाली. थंडीत माणसांच्या शिरा आत जाऊन बसतात, सापडता सापडत नाहीत. त्या आठवड्यात प्रत्येक पेशंटला मी "काही नाही, जरासंच टोचेल, झालंच हं" असं दोन-तीनदा म्हणत होते. पुढे हे बोलणं माझ्या अंगाशी येणार होतं.

रविवारी पावणेपाचला उठले. नवऱ्याचा जुना फुल शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर ग्रुपची जर्सी आणि कानाला स्कार्फ. आरशात पाहिलं तर गाठोडं दिसत होतं. नवऱ्याने डोळे न उघडताच विचारलं की एवढ्या वाऱ्यात खरंच जाणार आहेस का. मी हो म्हटलं. त्याने पांघरूण माझ्याही बाजूचं ओढून घेतलं.

माझी सायकल घेऊन मुलुंडला ॲडमिनच्या सोसायटीत पोचले तेव्हा माझ्या बोटांना काही कळत नव्हतं. नेहमी दहा-बारा जण असतात, त्या दिवशी मी धरून पाच. सगळे हात काखेत घालून जागच्या जागी नाचत होते. सोसायटीचा वॉचमन माकडटोपीतून आमच्याकडे दयेने बघत होता. एवढ्यात रिक्षा थांबली आणि दादा उतरले. बरोबर त्यांची बायको. सडपातळ, चटपटीत बाई, अंगावर शाल, तोंडाने सूचना चालूच.

त्यांनी मला बाजूला घेतलं आणि माझा हात धरून म्हणाल्या की ह्यांचं ऐकू नका, हे सारखं अजून जोरात म्हणतील, तुम्ही तुमच्या बेताने चालवा. पाच पावलांवर उभे असलेले दादा म्हणाले, "मला ऐकू येतं गं." बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी दादांचा मफलर परत एकदा घट्ट केला, नऊला घ्यायला येते म्हणाल्या आणि त्याच रिक्षात जाऊन बसल्या. रिक्षा सुरू होताना त्यांनी मला अगदी आनंदाने सांगितलं की आता घरी जाऊन झोपणार, आठवड्यातून एवढाच वेळ घर शांत असतं.

दादांनी मला शब्द शिकवले. निघताना "चल" म्हणायचं. पाय थांबवायचे असतील तर "थांब". पुढे खड्डा किंवा गतिरोधक दिसला तर "खड्डा", म्हणजे ते सीटवरून जरा उठतात. वळण असेल तर कुठल्या बाजूला ते आधी सांगायचं. आणि उतरताना दोघांनी डावाच पाय टेकायचा. एवढंच, म्हणाले, बाकी सायकल आपली आपण चालते.

पहिल्याच सिग्नलला आम्ही पडलो. चूक माझी. मी घाईत उजवा पाय टेकला, त्यांनी शिकवल्याप्रमाणे डावा, आणि सायकलीला कुणाचं ऐकावं ते कळेना. हळूहळू, अगदी सावकाश, आम्ही दोघं डावीकडे कलंडलो. लागलं काहीच नाही, अंगावर कपडेच एवढे होते. पण ज्याला दिसत नाही अशा माणसाला मी रस्त्यावर पाडलं होतं. मी त्यांना उठवायला धावले तर ते आधीच उठून हाताने सायकलीचं हँडल सरळ आहे का ते चाचपत होते.

"झालं," ते म्हणाले. "एकदा पडायचं असतंच. सकाळी सकाळी उरकलं."

यानंतर मी इतकी जपून चालवायला लागले की चालणारी माणसंसुद्धा आम्हाला मागे टाकून गेली असती. हायवेच्या कडेने आम्ही चाललो होतो. बाकीचे पुढे जाऊन थांबत, आम्ही पोचलो की परत निघत. मी सतत बोलत होते. काही नाही हं दादा. जरासाच खड्डा आहे. झालंच, झालंच. घाबरू नका. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं की तुम्ही काम काय करता. मी सांगितलं. ते म्हणाले, "तरीच. मघापासून वाटतंय, तुम्ही माझं रक्त काढताय."

मला हसू आलं आणि रागही आला. मी काळजी करत होते आणि हे चेष्टा करत होते. मी गप्प झाले. गप्प झाल्यावर मात्र मला पायाखाली काहीतरी जाणवायला लागलं. टँडमची दोन्ही पेडलं एकाच साखळीने जोडलेली असतात. एकाने पाय फिरवले की दुसऱ्याचे फिरतातच, एकाने अडवले की दुसऱ्याचे अडतात. त्यांचा जोर माझ्या तळव्यांना कळत होता. संथ, एकसारखा, न थकणारा. दादा म्हणाले की मलाही तुमचं सगळं कळतं बरं का, तुम्ही घाबरलात की तुमचे पाय आधी घाबरतात.

मग ते आपणहूनच बोलायला लागले. त्यांचं गाव जालन्याकडचं. वडिलांच्या सायकलीवर ते दांड्याखालून पाय घालून तिरके तिरके चालवायला शिकले. पुढे शाळेला जाऊन-येऊन रोजचे सात-आठ मैल. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने नजर गेली. कळलं तेव्हा उशीर झालेला होता. मग मुंबईला मामाकडे आले, ट्रेनिंग घेतलं, नोकरीला लागले. सायकल मात्र गेली ती गेली, तीस-बत्तीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी ॲडमिन त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेला आणि सहज बोलता बोलता हे निघालं. हे सगळं त्यांनी एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं सांगितलं, आणि मध्येच म्हणाले, खाडी आली बहुतेक.

आली होती. आधी वास आला, चिखलाचा आणि तिवरांचा. मग ऐरोलीचा पूल सुरू व्हायच्या जरा आधी, जिथे बिल्डिंगांचा आडोसा संपतो, तिथे वाऱ्याने आम्हाला गाठलं. तोपर्यंत जे होतं ते वारं नव्हतंच, असं वाटलं. समोरून आणि डावीकडून मिळून एक धक्का आला आणि सायकल हातभर उजवीकडे सरकली. त्याच वेळी उजवीकडून एक ट्रक गेला. मी ब्रेक दाबले, "थांब" म्हणाले, या वेळी डावा पाय टेकला आणि सायकल कडेला घेतली.

बाकीचेही थांबले होते. एकाची टोपी उडून हायवेवर गेली होती. अजून नीट उजाडलं नव्हतं, पुलावरचे दिवे लागलेले होते आणि दिव्याच्या उजेडात धूळ आडवी धावताना दिसत होती. मी ॲडमिनला सांगितलं की मला हे जमणार नाही, मी इथून परत फिरते. तो लगेच म्हणाला की हरकत नाही ताई, सेफ्टी फर्स्ट. बाकीचेही म्हणाले की हरकत नाही, तुम्ही हळूहळू परत जा, आम्ही पूल करून येतो. सगळे फार समजूतदारपणे बोलत होते. मी सायकल वळवायला लागले.

"मला कुणी विचारणार आहे का?" दादा म्हणाले.

ते रागावलेले नव्हते. मागच्या सीटवर बसून, डावा पाय जमिनीला टेकून, हनुवटी मफलरमध्ये घातलेली. मी म्हटलं की दादा, वारा फार आहे, तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या घरी काय सांगू?

"सहा दिवस मी एका खुर्चीवर बसून लोकांचे फोन जोडून देतो," ते म्हणाले. "आठवड्यातून हा एक दिवस मी कुठेतरी जातो. इथपर्यंत आलो आणि वारा होता म्हणून परत गेलो, तर मी कुठेच गेलो नाही."

मी खरं ते सांगितलं, की मला भीती वाटते. ते म्हणाले की मलाही वाटते, मी तर मागे बसलोय आणि ब्रेक तुमच्याकडे आहे. मग म्हणाले की तुम्ही फक्त पुढचं सांगत राहा, "काही नाही होणार" सोडून काहीही सांगा.

मी परत सीटवर बसले. आजही मला सांगता येणार नाही की ते धाडस होतं की लाज. "चल," म्हणाले आणि आम्ही पुलावर चढलो.

पहिली काही मिनिटं फार वाईट गेली. डोळ्यांत पाणी, नाक गळतंय, पुसायला हात सोडता येत नाही. मी जे दिसेल ते ओरडून सांगत होते. डावीकडे कठडा. पुढे खांब. रस्त्याला सांधा आहे, खड्डा! दादा उठायचे आणि परत बसायचे. मग त्यांनीही मला सांगायला सुरुवात केली. मागून येणाऱ्या गाड्या मला त्या वाऱ्यात कळतच नव्हत्या, त्यांना मात्र कळत होत्या. मोठा येतोय, हँडल घट्ट धरा, असं ते म्हणायचे, आणि मोजून थोड्या वेळाने ट्रक बाजूने जायचा. ट्रक जाताना सायकल त्याच्याकडे ओढली जाते, ती मी आधीच सावरून धरलेली असायची. तीन-चार ट्रक असे गेल्यावर माझे खांदे कानांपासून खाली आले.

सायकल जड होती आणि वर दोघांचं वजन, त्यामुळे वाऱ्याला ती तशी दाद देत नव्हती. माझी एकटीची सायकल असती तर मी कठड्याला जाऊन चिकटले असते. जोर लावला तर टँडम संथ पण सरळ जात होती. आणि दादा जोर लावत होते. माझे पाय दमायचे तेव्हा पेडलं त्यांच्या बळावर फिरत राहायची आणि माझे पाय नुसते त्यांच्याबरोबर गोल जायचे.

पुलाच्या मध्यावर दादांनी विचारलं, "मागे कोण आहे?"

मी म्हटलं की सगळे पुढे गेलेत. ते म्हणाले, नाही, मागे साखळीचा आवाज येतोय, आणि कोणीतरी सारखं नाक ओढतंय. मी मान वळवून पाहिलं. आमच्या मागे, एकामागे एक, चौघंही होते. ॲडमिन सगळ्यात जवळ, आमच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर, डोकं खाली घालून. पुढे गेलेले सगळे वाऱ्यापुढे हरून, माझ्या नकळत, एक एक करत मागे आले होते आणि आमच्या आडोशाला लागले होते. दोन माणसांची भिंत त्यांना बरी सापडली होती.

हे मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वारा आपण खातोय आणि ते सगळे माझ्या पाठीमागे लपलेत?"

"हो."

"सगळे? तो ॲडमिनपण?"

"तो तर अगदी चिकटलाय."

त्यांनी असा काही जोर लावला की माझा पाय पेडलवरून सुटता सुटता राहिला. मागून ॲडमिन ओरडला की दादा, हळू, आम्ही सुटतोय. दादा खदाखदा हसत होते. मला ते हसणं पाठीत जाणवत होतं. मीही हसत होते, दात थंडीने वाजत होते आणि त्यातच हसत होते.

पूल उतरायला लागला तसं उजाडलं. समोर ऐरोलीच्या बिल्डिंगांच्या मागे आकाश लाल झालं होतं. उतारावर सायकल आपोआप धावायला लागली. मी सवयीने सांगायला लागले, आता उतार आहे, आता रस्ता रुंद होतोय, तेव्हा दादा म्हणाले, आता जरा गप्प बस ना, बाई. "तुम्ही"वरून ते सरळ "तू"वर आले होते. मी गप्प बसले. चाकांचा आवाज, कानात वारं. मध्येच सायकल वेगळीच हलकी झाली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, पण ॲडमिनने नंतर सांगितलं की दादांनी दोन्ही हात सोडून आडवे पसरले होते. मला तेव्हाच कळलं असतं तर मी ब्रेक लावून बसले असते.

ऐरोलीत एका टपरीवर चहा घेतला. पोहे होते, उकडलेली अंडी होती. ग्लास दोन्ही हातांत धरून सगळे उभे होते, कुणी ग्लास खाली ठेवायला तयार नव्हतं. दादांनी तीन अंडी खाल्ली आणि घरी दोनच सांगायची असं ठरवून दिलं. मी त्यांना विचारलं की मागे बसल्यावर नक्की कसं वाटतं. ते म्हणाले, सांगून काय कळणार, बसून बघ.

टपरीच्या मागे एक रिकामा सर्व्हिस रोड होता. ॲडमिन पुढे बसला, मी मागे. दादांनी अट घातली की डोळे बांधायचे. मी माझाच स्कार्फ डोळ्यांवर बांधला. सायकल सुटली आणि मला एकदम वाटलं की आपण कशावर तरी जाऊन आदळणार. डावीकडे झुकतोय असं वाटलं, मग उजवीकडे. ॲडमिन काही बोलत नव्हता, त्याला सवय नव्हती. वारं तोंडावर आलं की वाटे भिंत आली. मी काय काय ओरडले मला आठवत नाही, पण शेवटी स्कार्फ ओढून काढला आणि त्याला थांबवलं. परत आले तर दादा चहाचा दुसरा ग्लास घेऊन उभे होते.

"कुठपर्यंत गेलीस?"

"त्या झाडापर्यंत."

"कुठल्या झाडापर्यंत? मला काय माहीत कुठलं झाड."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. मी अंदाजाने सांगितलं, पन्नास पावलं असेल. ते म्हणाले की पहिल्यांदा मीही एवढाच गेलो होतो आणि त्या फायरब्रिगेडवाल्या काकांना शिव्या दिल्या होत्या. त्या पन्नास पावलांत मला एक गोष्ट कळली होती. "घाबरू नका" या शब्दांचा मागे बसलेल्याला काहीच उपयोग नसतो. त्याला हवं असतं ते पुढे काय आहे आणि किती अंतरावर. परत निघाले तेव्हा मी वेगळं बोलायला लागले. दहा पावलांवर सांधा. आता डावीकडे वळण, मोठं. पुढे सायकलवाला, उजवीकडून काढतेय. दादांनी काही शेरा मारला नाही, पण त्यांचे पाय निवांत झालेले मला कळले.

परतीला वारं पाठीशी आणि जरा उजवीकडून होतं. जिथे जाताना जीव गेला होता तिथे आता नुसतं बसून राहिलं तरी चालत होतं. उन्हं आली होती. पुलाच्या मध्यावर पुढच्या दोघांनी हात करून थांबवलं. खाली खाडीत, ओहोटीच्या चिखलावर, फ्लेमिंगो उतरले होते. एवढ्या वाऱ्यात सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे, पाय काड्यांसारखे, माना आत घेतलेल्या. ॲडमिनच्या सोसायटीतल्या आमच्या मघाच्या नाचापेक्षा बरेच शिस्तीत होते.

बाकीचे फोटो काढायला लागले. दादा कठड्याला हात लावून उभे होते. वारं जरा कमी झालं की पक्ष्यांचा आवाज येत होता, घोगरा, बडबड केल्यासारखा. दादांनी विचारलं की रंग कसा आहे. मी म्हटलं गुलाबी. ते म्हणाले, "गुलाबी मला माहीत आहे, एकोणीस वर्षं पाहिलंय सगळं. कसला गुलाबी ते सांग."

मी विचार केला. मला कामामुळे एकच उपमा आधी सुचते. म्हटलं, बशीभर पाण्यात रक्ताचा थेंब टाकला की होतं तसा. ते म्हणाले, शी, काहीतरी खाण्यापिण्याचं सांग. मग मी म्हटलं, सोलकढी.

"सोलकढी गुलाबी असते?"

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा खरोखरच आश्चर्याने उघडला होता. त्यांच्या गावाकडे सोलकढी नव्हती. ती त्यांना मुंबईत आल्यावर मिळाली, नजर गेल्यानंतर. ऑफिसात बाजूला बसणारे एक मालवणी गृहस्थ डब्यातून आणायचे. तीस वर्षं ते ती आवडीने पीत होते आणि नारळाच्या दुधाची म्हणून पांढरीच असणार असं धरून चालले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं असतं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"गुलाबी," ते परत म्हणाले. मग खाडीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मी त्यांना सांगत राहिले, की सगळे सारखे गुलाबी नाहीत. लहान आहेत ते मळकट पांढरे, कोकम कमी पडल्यासारखे. काही पाण्यात चोच उलटी घालून खातायत. एक उडायला बघत होता आणि वाऱ्याने त्याला परत तिथेच उतरवलं. दादा मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते आणि मी नीट बघून उत्तरं देत होते. त्या पुलावरून मी किती वेळा गेले असेन, पण त्या पक्ष्यांकडे इतकं निरखून त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मुलुंडला पोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. दादांच्या पत्नी गेटवर येऊन थांबलेल्या, चांगली झोप झालेला ताजा चेहरा. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोपरावरची माती झटकली आणि मला विचारलं की त्रास दिला का. मी नाही म्हटलं. दादांनी हेल्मेट काढायच्या आधीच त्यांना विचारलं की सोलकढीचा रंग कोणता. त्या म्हणाल्या, गुलाबी, का? "तीस वर्षं झाली लग्नाला," दादा म्हणाले. रिक्षा वळेपर्यंत दोघांचं त्याच्यावरून चालू होतं.

घरी आले, अंघोळ केली, बोंबलाचं कालवण आणि भात खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत झोपले. सोमवारी लॅबमध्ये मला खुर्चीतून उठताना टेबलाला धरावं लागत होतं. एका म्हाताऱ्या पेशंटनेच मला सांगितलं की बाई, जरा जपून.

पुढच्या आठवड्यात अग्निशमनवाले काका बरे होऊन आले. टँडमच्या पुढच्या सीटवर बसले तर त्यांचे गुडघे हँडलला लागायला लागले. मी सीट माझ्या उंचीला खाली केली होती आणि परत वर करायचं विसरले होते. माझ्या सायकलीला कोणी हात लावला, असं त्यांनी जरा गुरकावूनच विचारलं. त्यांचा जीव होता त्या सायकलीवर. मी माफी मागायला पुढे झाले, तेवढ्यात दादा मागच्या सीटवरून म्हणाले की सायकल कुणाची असं नाही, आणि तुम्ही गप्प बसून चालवता, ही बाई सगळं सांगते. काका तोंड पाडून बसले. पूर्ण राइडभर त्यांनी, बिचाऱ्यांनी, रस्त्यातला प्रत्येक खांब, कुत्रं आणि पाटी दादांना मोठ्याने वाचून दाखवली. शेवटी दादांनाच त्यांना थांबवावं लागलं.

मग वाटणी झाली. महिन्यातला पहिला-तिसरा रविवार काका, दुसरा-चौथा मी. आता याला तीन हिवाळे होतील. आम्ही आरेतून दिंडोशीपर्यंत गेलोय, बोरिवलीला जाऊन आलोय, भर पावसात पवईच्या चढावर अडकून दोघांनी उतरून सायकल ढकललीय. आणखी दोनदा पडलोय, त्यातल्या एकदा चूक त्यांची होती आणि ती त्यांनी अजून मान्य केलेली नाही. महिन्यातला एखादा पाचवा रविवार आला की त्या दिवशी कोण चालवणार यावरून काकांचं आणि माझं वाजतं. दादा त्या दिवशी घरीच झोपून राहतात आणि आम्हाला फोन करून सांगतात, तुमचं ठरलं की कळवा.